व्हिएतनाम, २०२२: आयात कर निम्म्यावर आला, तरी पंप कोरडे

ऑक्टोबर २०२२. हो ची मिन्ह सिटीत रात्री उशिरा पेट्रोल पंपासमोर मोटरसायकलींची रांग लागली आहे, शेपूट फुटपाथवर चढलेलं. पंपावरचा मुलगा कुणालाच टाकी भरून देत नाही. ३० हजार डोंगांचं, फार तर ५० हजारांचं पेट्रोल, की पुढचा. ५० हजार डोंग म्हणजे तेव्हाचे आपले साधारण १७० रुपये, जेमतेम सव्वादोन लिटर. पुढच्या चौकातल्या पंपाला तर दोरीच बांधलेली आणि पुठ्ठ्यावर दोन शब्द लिहिलेले: ‘हेत सांग’. पेट्रोल संपलं. शहरातल्या साडेपाचशेच्या आसपास पंपांपैकी शंभराहून अधिक पंपांची त्या आठवड्यात अशीच गत होती.

याच्या दोन महिने आधी, ८ ऑगस्टला, व्हिएतनाम सरकारने ५१/२०२२ क्रमांकाच्या आदेशाने पेट्रोलवरचा आयात कर २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणला होता. हेतू सांगितला तो असा की जास्त देशांतून माल यावा, पुरवठ्याचे मार्ग वाढावेत आणि टंचाईची भीती जावी. कर निम्म्यावर आला आणि टंचाई त्यानंतर अधिकच वाढली. असं का झालं, हे या प्रकरणात बारकाईने पाहण्यासारखं आहे. कारण इंधन तुटलं की ‘आयात कर माफ करा’ ही मागणी जगात सगळीकडे सर्वांत आधी येते. आपल्याकडेही येते.

तुटवडा सुरू कुठून झाला

व्हिएतनाम स्वतः कच्चं तेल काढतो आणि देशात दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. क्वांग न्गाई प्रांतातला झुंग क्वात २००९ मध्ये सुरू झाला. थान्ह होआ प्रांतातला न्गी सोन हा नवा आणि मोठा, दिवसाला दोन लाख बॅरल क्षमतेचा. दोघे मिळून देशाची साधारण ७० टक्के गरज भागवतात, त्यात एकट्या न्गी सोनचा वाटा एक तृतीयांशाच्या वर. उरलेला माल बाहेरून येतो.

न्गी सोन हा संयुक्त प्रकल्प आहे. जपानची इदेमित्सु आणि कुवेतची सरकारी तेल कंपनी यांचा प्रत्येकी ३५.१ टक्के, सरकारी पेट्रोव्हिएतनामचा २५.१ टक्के आणि मित्सुई केमिकल्सचा ४.७ टक्के हिस्सा. कच्चं तेल कुवेतहून येतं. जानेवारी २०२२ मध्ये या कारखान्याकडे खेळतं भांडवल उरलं नाही. तयार माल उचलण्याचा आणि त्याचे पैसे वेळेआधी देण्याचा जो करार पेट्रोव्हिएतनामशी होता, त्यावरून भागीदारांत तिढा पडला होता. कारखान्याने उत्पादन आधी ८० टक्क्यांवर आणि नंतर त्याहून बरंच खाली आणलं. बंद पडण्याचीच भाषा सुरू झाली.

त्यात तेत आलं. तेत म्हणजे त्यांचं नववर्ष, आपल्या दिवाळीसारखं. सगळा देश गावी जातो. २०२१ च्या शेवटी निघालेल्या ९५/२०२१ क्रमांकाच्या आदेशानुसार पेट्रोल-डिझेलचा किरकोळ भाव दर महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेला सरकार ठरवणार होतं. पण १ फेब्रुवारी नेमकी तेतच्या दिवशी आली आणि तो बदल झालाच नाही. २१ जानेवारीचा भाव ११ फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे तीन आठवडे, तसाच राहिला. त्याच तीन आठवड्यांत जगात ब्रेंट, म्हणजे ज्याच्या भावावर जगाची नजर असते ते कच्चं तेल, ९० डॉलरच्या पार गेलं. ११ तारखेला भाव चढणार, हे प्रत्येक पंपमालकाला दिसत होतं. आज विकलं तर तोटा, दहा दिवसांनी विकलं तर नफा. दक्षिणेकडच्या प्रांतांत त्या दिवसांत पंप बंद होऊ लागले. पहिली टंचाई ती. ‘साठेबाजी’ म्हणून त्यावर छापे पडले, दंड झाले. साठेबाजी काही जणांनी केलीही असेल, पण एखाद्या वस्तूचा उद्याचा भाव आज सगळ्यांना ठाऊक असेल तर ती वस्तू आज कोण विकेल? दोष कॅलेंडरचा होता आणि कॅलेंडर सरकारने ठरवलं होतं.

२४ फेब्रुवारीला व्यापार आणि उद्योग मंत्रालयाने दहा मोठ्या आयातदार कंपन्यांना दुसऱ्या तिमाहीसाठी मिळून २४ लाख घनमीटर जादा इंधन आणण्याचा कोटा वाटून दिला. त्याच दिवशी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. कंपन्यांच्या हातात आयातीचा हुकूम पडला तो बाजार पेटलेला असताना.

दोन कर, दोन वेगळे परिणाम

सरकार हातावर हात ठेवून बसलं नव्हतं, हे मान्य करायला हवं. व्हिएतनाममध्ये तेव्हा पेट्रोलवर चार कर लागत: आयात कर, १० टक्के विशेष उपभोग कर, लिटरमागे ठरावीक रकमेचा पर्यावरण कर आणि या सगळ्यावर १० टक्के व्हॅट. यातला पर्यावरण कर पेट्रोलवर ४,००० डोंग होता. १ एप्रिलला तो २,००० वर आणला. तरी भाव चढतच राहिला आणि २१ जूनला ९५ ऑक्टेन पेट्रोल ३२,८७० डोंगांवर पोचलं, तोवरचा उच्चांक. मग ११ जुलैला पर्यावरण कर १,००० वर आला. मिळून ३,००० डोंगांची कपात, व्हॅट धरून ३,३०० ची. हा कर प्रत्येक लिटरवर बसतो, मग ते न्गी सोनमधलं असो की सिंगापूरहून आलेलं. त्यामुळे तो कमी झाल्याचं गिऱ्हाइकाला पंपावरच्या आकड्यात दिसलं.

आयात कराचं तसं नाही. माझं रोजचं काम आयातीच्या कागदपत्रांचं. या कामातला माणूस कराच्या दराआधी एक गोष्ट विचारतो: माल कुठला? सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन आहे का? कारण एकाच मालावर तीन-तीन दर असतात आणि वर्तमानपत्रात छापून येतो तो दर बहुतेक वेळा कुणीच भरत नसतो.

व्हिएतनामचा २० टक्के हा दर एमएफएन दर होता, म्हणजे ज्या देशांशी मुक्त व्यापाराचा करार नाही त्यांच्या मालासाठीचा. आसियान, म्हणजे आग्नेय आशियाच्या संघटनेतले देश, आणि दक्षिण कोरिया यांच्याशी करार आहेत, तिथल्या पेट्रोलवर २०२२ मध्ये ८ टक्केच लागत होते. डिझेलची कथा आणखी पुढची. एमएफएन दर ७ टक्के, आसियानसाठी शून्य. साहजिकच बाहेरून येणारं बहुतेक पेट्रोल दक्षिण कोरिया, सिंगापूर, मलेशिया अशा ठिकाणांहून ८ टक्क्यांवर येत होतं. २० टक्के भरून कोण आणतो?

आता हिशेब मांडून पाहू. समजा बंदरात पोचलेल्या पेट्रोलची किंमत लिटरला २०,००० डोंग आहे. कोरियाचा माल असेल तर ८ टक्के, म्हणजे १,६०० डोंग कर, झाले २१,६००. करार नसलेल्या देशाचा माल जुन्या दराने आणला तर ४,००० कर, झाले २४,०००. फरक २,४००. त्यावर उपभोग कर आणि व्हॅट चढला की पंपापर्यंत हा फरक २,९०४ डोंग होतो. नव्या १० टक्के दराने तोच माल २२,००० ला पडतो आणि पंपापर्यंतचा फरक ४८४ डोंगांवर येतो.

सरकारचं म्हणणं याच ४८४ वर उभं होतं. दरी २,९०४ वरून ४८४ वर आली म्हणजे आखाताचा, आणखी कुणाचा माल आवाक्यात आला. कागदावर ते खरंच आहे. पण ४८४ डोंग अजूनही महागच, शिवाय लांबचं भाडं वेगळं. कोरियातून पेट्रोल मिळतच नसेल, तरच कुणी हा फरक सोसेल. आणि कोरियात, सिंगापुरात पेट्रोल मिळत नव्हतं असं नव्हतं. पैसे मोजले की मिळत होतं. म्हणजे कराची भिंत जिथे पाडली तिथून कुणाला यायचंच नव्हतं.

अर्थ मंत्रालयाने आधी १२ टक्के सुचवले होते, मग १० वर आणले. शून्य का नाही केले? एक कारण महसुलाचं, ते समजतं. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि त्याची चर्चा कमी होते. न्गी सोन उभारताना परदेशी भागीदारांना हमी दिली होती की दहा वर्षं पेट्रोल-डिझेलवरचा आयात कर ७ टक्क्यांच्या खाली गेला, तर तो फरक पेट्रोव्हिएतनामने कारखान्याला भरून द्यायचा. मुक्त व्यापार करारांमुळे डिझेलच्या बाबतीत हे ओझं आधीच पेट्रोव्हिएतनामच्या डोक्यावर होतं. म्हणजे जो कारखाना पैशांवाचून अडला म्हणून टंचाई झाली, त्याच कारखान्याच्या करारात आयात कराचा तळ बांधलेला होता. सरसकट माफी दिली असती तर तिजोरीत कर आला नसताच, वर सरकारी कंपनीच्या खिशातून भरपाईही गेली असती. अशा हमीपत्राकडे प्रकल्पाच्या उद्घाटनाच्या दिवशी कुणाचं लक्ष जात नाही.

लिटरमागे शून्य

मग पेट्रोल अडलं कुठे? माझ्या मते भावाच्या सूत्रात, आणि सगळ्यात घट्ट गाठ होती ती पंपमालकाच्या कमिशनची.

व्हिएतनाममध्ये तीसेक मोठे आयातदार, त्यांच्याखाली वितरक आणि सगळ्यात खाली पंपमालक अशी उतरंड आहे. मूळ भाव तेव्हा दोन मंत्रालयं मिळून सूत्राने काढत: सिंगापूरचा भाव, वाहतूक, विमा, कर, ठरावीक व्यवसायखर्च, ठरावीक नफा. त्याहून जास्त भावाने विकायची मुभा नव्हती. पण या ठरलेल्या खर्च-नफ्यातून पंपमालकाला किती मिळावं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आयातदार वरून जेवढी सूट खाली सोडेल तेवढं त्याचं. या सुटीला तिकडे ‘चिएत खाउ’ म्हणतात. त्या वर्षी हा शब्द रोजच्या बातम्यांत आला.

आपल्याकडे पंपमालकाचं कमिशन लिटरमागे ठरलेलं असतं आणि पेट्रोलच्या भावाच्या फोडीत ते स्वतंत्र ओळीत दिसतं. ते पुरेसं आहे की नाही यावर आपले पंपमालक भांडतात, आणि ते भांडण रास्तही आहे. पण ती ओळ निदान आहे. व्हिएतनामच्या सूत्रात ती नव्हती.

आयातदाराचा खरा खर्च वाढला की तो तोटा कुठे ढकलणार? वर सरकारचा भाव अडवतो, म्हणून खाली. २०२२ च्या उन्हाळ्यापासून पंपमालकांना मिळणारी सूट घसरत घसरत शून्यावर आली. टँकर ज्या भावाने आला त्याच भावाने पेट्रोल विकायचं. वीजबिल, कामगारांचा पगार, टँकरचं भाडं, बँकेचं व्याज हे सगळं पदरचं. प्रत्येक लिटरला तोटा. पंप बंद करावा तर परवानगीशिवाय बंद करता येत नाही, दंड होतो, परवानाही जाऊ शकतो. दुसऱ्या पुरवठादाराकडून घ्यावं तर किरकोळ विक्रेत्याने एकाच पुरवठादाराशी बांधलेलं राहायचं, हा नियम. मग उरतो एकच मार्ग: कमीत कमी माल मागवायचा, आला की थोडा थोडा विकायचा आणि संपला की पुठ्ठा लावायचा. ऑक्टोबरच्या रांगेतल्या त्या मुलाने ५० हजारांवर हात आखडला, त्यामागे हा हिशेब होता. पंपमालकांनी एकत्र येऊन पंतप्रधान फाम मिन्ह चिन्ह यांच्याकडे दाद मागितली. त्यांनी काही जगावेगळं मागितलं नव्हतं. विकलेल्या लिटरमागे काहीतरी उरावं, एवढंच.

यातली सर्वांत अवघड बाब म्हणजे ही दुसरी टंचाई भाव उतरत असताना आली. जूनमध्ये ३२,८७० वर गेलेलं पेट्रोल ऑक्टोबरच्या सुरुवातीला साडेएकवीस हजारांच्या आसपास होतं. भाव पडतो तेव्हा टंचाई कशी, असं सामान्य माणसाला वाटणारच. पण आयातदाराच्या जागी बसून पाहा. जहाज ठरवल्यापासून माल पंपावर पोचेपर्यंत काही आठवडे जातात. तेवढ्यात भाव दोनदा-तीनदा खाली येतो. चढ्या दराने घेतलेला माल उतरत्या दराने विकायचा, शिवाय राखीव साठा सतत टाकीत ठेवायचा, तोही त्याच महाग मालाचा. ज्याने जास्त आयात केली त्याचा तोटा जास्त. सरकारचा कोटा मनापासून पाळणाऱ्यालाच शिक्षा झाल्यासारखी ही स्थिती होती.

आणि इथेच आयात कराच्या कपातीला सूत्राने दगा दिला. भावाच्या सूत्रात आयात कर धरताना प्रत्यक्ष भरलेला कर धरत नाहीत. आधीच्या तिमाहीतल्या आयातीवरून काढलेला सरासरी दर धरतात. सगळेजण ८ आणि शून्य टक्क्यांवर माल आणतात, म्हणून सरासरी खालीच राहते. एखाद्याने सरकारचं ऐकून नव्या देशातून १० टक्के भरून पेट्रोल आणलं, तर त्या जादा कराचे पैसे भावात परत मिळणारच नाहीत. कर कमी करणाऱ्या आदेशाने दार उघडलं आणि भाव ठरवणाऱ्या सूत्राने उंबरठ्यावर दंड ठेवला. दोन्ही कागद सरकारचेच. ही विसंगती मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती दुरुस्त करायला पैसा लागत नव्हता.

वाहतूक आणि प्रीमियमचंही, म्हणजे ठरल्या भावावर विकणाऱ्याला द्याव्या लागणाऱ्या जादा पैशांचंही, तेच. सूत्रातला खर्च बऱ्याच आधी ठरवलेला होता. युद्धानंतर जहाजभाडं आणि सिंगापूरच्या भावावरचा प्रीमियम कितीतरी वाढला. डॉलर चढत होता. १७ ऑक्टोबरला व्हिएतनामच्या मध्यवर्ती बँकेने डोंगाच्या चढउताराचा पट्टा ३ टक्क्यांवरून ५ टक्के केला. व्याजदर एका महिन्यात दोनदा, प्रत्येकी एक टक्क्याने वाढवले. बँकांची वर्षाची कर्जमर्यादा संपत आली होती, त्यामुळे आयातदारांना डॉलरही महाग आणि उधारीही मिळेना. ज्याला पतपत्र, म्हणजे विकणाऱ्याला पैशांची हमी देणारं बँकेचं पत्र, उघडता येत नाही त्याला कर शून्य केला काय आणि दहा केला काय.

भरीस भर म्हणजे त्याच काळात तपासणीत नियमभंग सापडलेल्या काही आयातदारांचे परवाने तात्पुरते काढून घेण्याची कारवाई सुरू झाली होती. कारवाई चुकीची होती असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या मागे पंपांची साखळी आहे त्याचा परवाना टंचाईच्या तोंडावर थांबवला, की एकाच पुरवठादाराशी बांधलेल्या त्या पंपांनी जायचं कुठे?

व्यापार मंत्रालय म्हणत होतं, खर्चाचे आकडे जुने आहेत, अर्थ मंत्रालयाने ते वाढवावेत. अर्थ मंत्रालय म्हणत होतं, पुरवठा बघणं हे व्यापार मंत्रालयाचं काम. तेव्हाचे व्यापारमंत्री न्गुयेन होंग झिएन आणि अर्थमंत्री हो दुक फोक यांच्यातला हा वाद राष्ट्रीय सभेपर्यंत, म्हणजे तिथल्या संसदेपर्यंत, गेला. तोवर नोव्हेंबर उजाडला आणि रांगा दक्षिणेतून उत्तरेत, हनोईपर्यंत पोचल्या.

त्याच उन्हाळ्यात आपल्याकडे जे चाललं होतं ते यापासून फार लांबचं नाही. मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क ८ रुपयांनी, डिझेलवरचं ६ रुपयांनी कमी केलं. जुलैत महाराष्ट्राने व्हॅट घटवून पेट्रोल ५ आणि डिझेल ३ रुपयांनी उतरवलं. गिऱ्हाइकाला दिलासा मिळाला. पण सरकारी कंपन्यांनी भाव गोठवलेले, त्यामुळे खासगी पंपांना विकणं परवडेना. त्यांनी विक्री आखडती घेतली, गर्दी सरकारी पंपांवर आली आणि जूनमध्ये काही राज्यांत पंप कोरडे पडले. केंद्राला तेव्हा सर्व पंपांवर अखंड विक्रीचं बंधन घालावं लागलं. कराने भाव उतरतो. टँकर येतो तो विकणाऱ्याला परवडलं तरच.

गाठ सुटली ती अशी

११ नोव्हेंबर २०२२ च्या भावबदलात अर्थ मंत्रालयाने सूत्रातले माल आणण्याचे खर्च अखेर वाढवून धरले. पंपावरचा भाव चढला. आयातदारांना खर्च निघण्याची खात्री झाली, खाली सूट सोडायला जागा झाली आणि पुढच्या आठवड्यांत रांगा ओसरल्या. एवढ्या एका निर्णयाने सगळं झालं असं म्हणता येणार नाही. बँकांवरचा ताण आणि डॉलरचा चढही वर्षअखेरीला सैल झाला होता. पण ऑगस्टची कपात आणि नोव्हेंबरची दुरुस्ती शेजारी ठेवली की फरक दिसतो. पहिलीत कर कमी झाला, माल आला नाही. दुसरीत गिऱ्हाइकाला जास्त मोजावे लागले आणि माल आला.

गिऱ्हाइकाने जास्त का मोजावं, हा प्रश्न उरतोच आणि तो गंभीर आहे. ५० हजारांचं पेट्रोल भरून दिवसभर मोटरसायकलवर माणसं नेणाऱ्याला ५०० डोंगांची वाढही लागते. त्याच्यासाठी पर्यावरण कराची कपात योग्यच होती आणि ती पुढेही चालू ठेवली, हे बरं झालं. फक्त तिच्या जोडीला कमिशनची तळरेषा फेब्रुवारीतच आखली असती, तर ऑक्टोबरच्या रात्री त्याला रांगेत काढाव्या लागल्या नसत्या. रांगेत गेलेल्या तासांचं भाडं त्याला कुणी दिलं नाही.

नियम बदलायला आणखी वर्ष गेलं. १७ नोव्हेंबर २०२३ ला ८०/२०२३ क्रमांकाचा आदेश निघाला. भाव दहा दिवसांऐवजी दर गुरुवारी ठरू लागला आणि किरकोळ पंपमालकाला एकाऐवजी तीन पुरवठादारांकडून माल घेण्याची मुभा मिळाली. लिटरमागे किमान अमुक इतकी सूट मिळालीच पाहिजे, ही पंपमालकांची मागणी मात्र त्या आदेशातही मान्य झाली नाही.